मनोहर, मांडवात तू रडत नव्हतास

मनोहर, तुझ्या तेरवीचे पेले मी बिघडवले.

माझं दुकान तुला माहीत आहे. सेलूच्या बाजारात मी भांडी विकतो आणि विकलेल्या भांड्यावर फुकटात नाव टाकून देतो. नाव टाकायचं यंत्र हातात आलं की हात आपला चालू लागतो, डोक्याला विचारायला थांबत नाही. लग्न असो, बारसं असो, गुरुजींची निवृत्ती असो, शेवटची ओळ ठरलेली: यांच्याकडून सप्रेम भेट. रोहण्याला तुझ्या तेरवीत वाटायला स्टीलचे पेले न्यायचं ठरलं, तेव्हा मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि एकटाच बसलो.  तुझ्या नावाआधीचं 'कै.' घालताना यंत्र सटकलंच. पण नाव संपलं, हाताला ओळखीचा रस्ता सापडला, आणि तो सुटला. सगळे पेले झाल्यावर तुझ्या ताईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यातला एक उचलून उजेडात धरला. त्यावर लिहिलं होतं, 'कै. मनोहर यांच्याकडून सप्रेम भेट.'

मला वाटलं, आता पुढची तेरवी माझीच. ती पेला फिरवत राहिली. मग म्हणाली, "पुसता येते काय?"

म्हटलं, "स्टीलवरचं कुठं पुसल्या जाते."

"मंग राहू द्या," ती म्हणाली. "त्याले द्यायची हौस होतीच."

तर बाबा, सध्या रोहण्यातली अर्धी घरं तू गेल्यावर पाठवलेल्या पेल्यातून पाणी पिऊन राह्यली आहेत. नानाकाकांनी पेला वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला, आणि जावयाचा मान म्हणून काही बोलले नाहीत. नानाकाका काही बोलले नाहीत ही केवढी गोष्ट आहे ते तुला वेगळं सांगायला नको. तुझे वडील गेल्यापासून तुझ्या घरात कोणालाही काहीही विचारलं तरी उत्तर तुझे हे काकाच देत आले.

आता मुद्द्यावर येतो. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे. तू मला शब्द दिला होतास. पल्लवीचं लग्न लागू द्या भाऊजी, मग मंदाला सांगतो. मूल झालं नाही ते तिच्यामुळं नाही, त्याचं कारण माझ्या डोक्यात होतं, हे तिलाही सांगतो आणि चारचौघांतही सांगतो. माझ्या लेकीचं लग्न लागलं. तू गेलास. आणि तुझी बायको तुझ्या ओसरीवर अजून तेच नाव घेऊन बसली आहे, जे आपल्या लोकांनी तिला दिलं आणि जे मी इथं लिहिणार नाही.

सुरुवात कधी झाली ते आता मागं पाहिलं की दिसतं. तेव्हा आम्हाला फक्त तुझा स्वभाव बिघडलेला दिसत होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तुमच्याकडे पंगत बसली होती आणि तू कढीची बादली घेऊन वाढत येत होतास. माझ्या एका बाजूच्याला वाढलीस, दुसऱ्या बाजूच्याला वाढलीस, मधला मी कोरडाच. घरचा जावई, आणि कढी नाही. मागून घ्यावी तर मान जातो, न मागावी तर भात घशात अडकतो. मी मान निवडला आणि दोन दिवस उचक्या दिल्या. गावातही तेच. बाजूनं कोणी रामराम घातला तर तू सरळ चालत राहायचास. लोक म्हणायला लागले, "मनोहरले लय मिजास आली." तुझी बैलबंडी फाटकाच्या खांबाला घासली तेव्हा नानाकाकांनी बैलांना शिव्या दिल्या. आर्वीला चष्मा बदलला, वर्ध्याला बदलला. चष्म्यातून समोरचं लख्ख दिसायचं, म्हणून डोळे ठीक आहेत असं सगळ्यांनी ठरवलं. बाजूचं दिसतं का, हे कोणी विचारलं नाही. तुलाही ते जातंय हे कळलं नाही, कारण घराच्या कोपऱ्यातला दिवा हळूहळू बारीक होत गेला की कोणी उठून बघत नाही.

मग डोकं दुखायला लागलं, डोळ्यांच्या मधोमध. नाक बंद. वाफारे झाले, सायनसच्या गोळ्या झाल्या. एका सकाळी नाकातून रक्त आलं आणि आम्ही तुला वर्ध्याच्या एका डॉक्टरकडे नेलं. आम्ही म्हणजे तुझी ताई, नानाकाका आणि मी. आपल्याकडे आजारी माणसाला एकट्याला आत पाठवणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. तू स्टुलावर बसलास, आम्ही तुझ्याभोवती उभे राहिलो, आणि डॉक्टरांना आपल्याच खोलीत टेबलापर्यंत जायला वाट उरली नाही.

"मुलंबाळं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाई जी," नानाकाका म्हणाले. "सूनबाईतच दोष हाये."

"तपासणी केली होती?"

"तिची केली, नवस केले, सारं केलं."

"यांची?"

नानाकाका हसले. "याची काऊन? बैलावानी गडी हाये."

डॉक्टर तुझ्याकडे वळले. "तुमचं बाकी सगळं व्यवस्थित?"

तू हसलास. "एकदम ओके जी."

मोठी बहीण समोर, काका उशाला, जावई पाठीशी. त्या खोलीत दुसरं उत्तर मावलंच नसतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न नाकाचा विचारला.

डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाच्या पेटीवर लावला आणि मला जवळ बोलावलं. दुकानदार दिसतो, शिकलेला असेल, असा त्यांचा गैरसमज झाला असावा. नाकाच्या वर, डोळ्यांच्या मागं, ज्या हाडावर मेंदू टेकलेला असतो ते कवटीच्या तळाचं हाड त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं दिसत होतं ते. हाडाच्या जागी एक पांढरट गोळा बसला होता आणि तो खाली नाकाकडे उतरत होता. "कॅन्सरसारखं वाटतं," ते हळू म्हणाले. "नागपूरला न्या."

तुला सांगायचं नाही असं आम्ही व्हरांड्यातच ठरवलं. परत येताना जीपमध्ये कोणी बोलेना. शेवटी तूच म्हणालास, "बाबा गेले तवाही इतके चूप नवते तुम्ही. कॅन्सर म्हणते काय डॉक्टर?" तुझी ताई खिडकीकडे वळली. मी म्हटलं, "सर्दी जुनी झाली म्हणते." इतकं वाईट खोटं मी गिऱ्हाइकाशीही कधी बोललो नाही.

नागपूरच्या सर्जननं सगळं पुन्हा पाहिलं. त्या जागी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, गाठ तिच्यातूनही निघालेली असू शकते, म्हणून रक्तातलं एक हार्मोन तपासून घेतलं. आकडा आला तो जरासाच जास्त. सर्जन म्हणाले, ग्रंथीची एवढी मोठी गाठ असती तर हा आकडा आभाळाला लागला असता, म्हणजे हे ते नाही. नाकातून तुकडा काढायचा, मग मोठं ऑपरेशन, मग किरणांचा शेक. नजर राहीलच असं नाही. फक्त ऑपरेशनआधी हार्मोनच्या डॉक्टरांना एकदा दाखवा म्हणाले.

ते डॉक्टर आठवतात ना तुला. किडकिडीत, म्हातारे, आवाज असा की कान पुढं न्यावा लागे. फोटो त्यांनी बाजूला ठेवला आणि तुझी हनुवटी बघत बसले. "दाढी कधी केली होती?"

"मागल्याच्या मागल्या बाजाराले," तू म्हणालास.

मी गप्प राहायला हवं होतं, पण मला राहवत नाही. म्हटलं, "याच्या पायी न्हावी उपाशी मरून राह्यला जी." ही माझी तुझ्यावरची जुनी थट्टा. घरी दरवेळी हशा व्हायचा. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आम्हाला एकेकाला नीट पाहिलं आणि म्हणाले, "बाकीचे सगळे बाहेर."

"मी काका हाये याचा," नानाकाका म्हणाले.

"काकाही."

मी हललो नाही. जावई 'बाकीच्यां'त मोडतो हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

"तुम्हीही," डॉक्टर म्हणाले.

दार लागलं. बाकावर आम्ही दोघं रुसलेल्या वऱ्हाड्यांसारखे बसलो. नानाकाका म्हणत होते, "आमच्यापासून लपवण्यासारखं काय हाये त्याच्यापाशी?" तू बाहेर आलास तेव्हा पाठीवरचं पोतं उतरवून ठेवलेल्या माणसासारखा चालत होतास. मागून डॉक्टर आले. तीच तपासणी पुन्हा करायची, पण रक्त पातळ करून, असं त्यांनी तिथल्या माणसाला सांगितलं.

मी विचारलं, "एकदा केली ना जी?"

त्यांनी समजावून सांगितलं. रक्तात हे हार्मोन भरमसाट झालं की मोजणारं रसायनच कमी पडतं, त्याची गल्लत होते आणि आकडा खोटा, लहानसा येतो. रक्त पातळ केलं, गर्दी कमी केली, की खरं काय ते कळतं.

पातळ केलेल्या रक्ताचा आकडा आला आणि सर्जननंही तो दोनदा वाचला. कॅन्सर नव्हता. ग्रंथीचीच गाठ होती, वर्षानुवर्षं वाढत वाढत हाड खात गेलेली, वर डोळ्यांच्या नसांवर दाबून बसलेली. चाकू लावायचं टळलं. गोळीनं आटेल म्हणाले. बाळंतिणीला दूध यावं म्हणून शरीर जे हार्मोन काढतं, ते तुझ्या डोक्यातली गाठ पुराच्या पाण्यासारखं सोडत होती. त्यावर तू म्हणालास, "भाऊजी, माह्या रक्तालेबी गर्दीत खरं बोलता येत नाई." मी हसलो. सेलूचं तिकीट काढेपर्यंत हसत होतो. तुझ्या बोलण्याचा अर्थ मला बसमध्ये कळला.

नानाकाका पुढच्या सीटवर मान टाकून झोपले होते. बुटीबोरी मागं गेल्यावर तू खिडकीकडे तोंड करून बोलायला लागलास. "लग्न झाल्यावर दोन-चार वर्षांतच सारं थंडावलं होतं भाऊजी. मले वाटे, शेतीच्या कामानं माणूस थकते. मंदानं कधी तोंडातून अक्षर काढलं नाई. आज डॉक्टर म्हणे, हे गाठीचंच काम. पोरगं नाई झालं तेही."

मी म्हटलं, "घरी गेल्याबरोबर तिले सांग."

"काय सांगू? इतकी वर्षं ती उपास करून राह्यली. आता म्हणू काय, बाई, उपास मी करायचे होते?"

"तसंच म्हण."

"तुम्हाले सोपं हाये."

मग मी जे विचारलं ते आता पुन्हा विचारतो, कारण तू तेव्हा उत्तर दिलं नाहीस. तुझ्या ताईनंच एकदा तुझ्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढली होती. मंदा तेव्हा पोळ्या वाढत होती. तू भरल्या ताटावरून उठून गेलास. आम्ही किती दिवस कौतुक केलं, म्हटलं बायकोवर जीव असावा तर असा. जीव होताच. पण मनोहर, त्यात भीतीही होती ना रे? दुसरी आली असती आणि तिलाही काही झालं नसतं, मग लोकांनी कोणाकडे पाहिलं असतं? गाठीचं नाव तुला माहीत नव्हतं. पण जे बंद पडलं होतं ते तर तुला माहीत होतं. मंदाला मळ्यातल्या बाबाकडे नेलं, तिला कडू काढे पाजले, हळदीकुंकवाला तिच्यापुढून ताट पुढं सरकवलं. तू हे सगळं पाहत होतास.

तू सेलूपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिलास. उतरताना एवढंच म्हणालास, "घरी सांगू नका." मी सांगितलं नाही. तुझ्या ताईलाही नाही. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे आख्ख्या बाजाराला ठाऊक आहे, तरी ही राहिली.

गोळ्यांनी गुण आला. डोकं थांबलं. दाढी वाढायला लागली आणि तुझ्या न्हाव्याच्या घरी चूल पेटली. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे होते, तू वेसण धरून समोर बघत होतास, मी तुझ्या बाजूला. मान न वळवता तू म्हणालास, "भाऊजी, तुमच्या शर्टाचं बटन तुटलं हाये." मी जागच्या जागी उभा राहिलो. कितीतरी वर्षांनी तुला बाजूला उभं असलेलं माणूस दिसलं होतं. ते बटन मी आजवर लावलेलं नाही. तुझ्या ताईला कारण सांगितलं नाही, म्हणून ती मला गबाळा म्हणते. म्हणू दे.

मग उन्हाळा आला आणि पल्लवीचं लग्न.

तू आणि मंदा आठ दिवस आधीच सेलूला आलात. मांडव तू घातलास, डहाळ्या तू आणल्यास. आणि तुझं नाक गळायला लागलं. सतत रुमाल हातात. तुझी ताई म्हणाली, "कूलरपुढं झोपू नको म्हणलं होतं ना तुले?" तू म्हणालास, "हो ताई." वैशाखात नाक गळणाऱ्या माणसाला आपल्याकडे कूलरशिवाय दुसरं कारण असतंच कुठं? कूलरची दिशा बदलली. नाक गळतच राहिलं. खाली वाकून आंब्याची पाटी उचलताना तुझ्या नाकातून टपटप थेंब पडले आणि तू ते पायानं मातीत मिसळलेस. मी पाहिलं, आणि आंबे मोजायला लागलो.

हळदीच्या दिवशी बायका पल्लवीला हळद लावत होत्या. मंदाला कोणी नको म्हटलं नव्हतं. तशी वेळच येत नाही. ती आपणहून मांडवाच्या खांबामागं जाऊन उभी राहिली, हातात रिकामी वाटी घेऊन, काम असल्यासारखी. तू माझ्याजवळ आलास. "भाऊजी, आता मले बाजूचं दिसते," तू म्हणालास. "मंदा खांबामागं उभी हाये. दर लग्नात उभी राहत असेल, नाई? मले दिसत नवतं."

मी म्हटलं, "मग आता तरी सांग."

"उद्या लग्न लागू द्या. मग सांगतो. तिले सांगतो, ताईले सांगतो, नानाकाकाले तर कानात वरडून सांगतो. आज पोरीचा दिवस हाये."

तोच तुझा शब्द.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणून तू पल्लवीच्या मागं उभा होतास. मंगलाष्टकं चालली होती. अक्षता पडत होत्या. तू मान खाली घातलीस आणि तुझ्या चेहऱ्यावरून पाण्याचे थेंब तिच्या शालूच्या खांद्यावर पडायला लागले. तू रुमाल लावलास, थेंब थांबेनात. सगळ्या मांडवानं ते पाहिलं. व्याहीबुवा मला म्हणाले, "मामाचा लय जीव दिसते पोरीवर." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. फोटोवाल्यानं खुर्चीवर चढून तुझा फोटो काढला. मीही रडलो. तुझ्याकडे बघूनच रडलो.

पल्लवीची पाठवणी झाली आणि दुसऱ्या दिवशी तुला ताप भरला. डोकं फुटतंय म्हणालास. ऊन लागलं, सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. भर उन्हात मांडव घालत होता, लागणारच. पन्हं पाजलं. तळपायांना कांदा चोळला. नानाकाकांनी तुझ्या खिशात एक कांदा ठेवला. तुला पाणी पाजायला मान वर करायला गेलो तर ती लाकडासारखी. संध्याकाळी तू नानाकाकांना बाबा म्हणायला लागलास. तेव्हा कुठं जीप काढली.

नागपूरला तेच किडकिडीत डॉक्टर आले. तुझी मान पाहिली आणि आमच्याकडे वळून विचारलं, "नाकातून पाणी कधीपासून येतं?"

नानाकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. 

भिंतीपाशी उभी असलेली मंदा बोलली. "लग्नाच्या आठ दिवस आधीपासून. रोज उशी ओली राहे. मी इचारलं तर म्हणे, कूलरचं हाये."

डॉक्टर खाली बसले. ते सांगत होते आणि मी ऐकत होतो. गाठीनं तळाचं हाड खाल्लं होतं. त्या भोकाला बूच होतं ते गाठीचंच. गोळीनं गाठ आटली, बूच ढिलं झालं, आणि मेंदूभोवतीचं पाणी नाकातून बाहेर झिरपायला लागलं. ज्या वाटेनं पाणी बाहेर येतं त्याच वाटेनं रोग आत जातो. "हे होऊ शकतं, हे मी त्यांना सांगितलं होतं," ते म्हणाले. "वाकून दाखवलं होतं. स्वच्छ पाणी आलं, वाकल्यावर जास्त आलं, तर सर्दी समजू नका, त्याच दिवशी या. वेळेवर आलं तर भोक बुजवता येतं."

तू पुन्हा डोळे उघडले नाहीस.

म्हणजे त्या बंद खोलीतून तू दोन गोष्टी घेऊन बाहेर आला होतास. एक बसमध्ये मला दिलीस. दुसरी खिशात ठेवलीस. का रे? मामा दवाखान्यात गेला असता तर काय झालं असतं? लग्न चार दिवस पुढं गेलं असतं. डहाळ्या वाळल्या असत्या. व्याही रुसले असते, आणि रुसण्यातलं मला सगळं कळतं, मी त्यांना कढी वाढून मनवलं असतं. तुझ्यावाचून मांडव अडला असता असं तुला वाटलं का? अडला असता, हे खरं आहे. म्हणून तर राग येतो. पल्लवीच्या मागं तू उभा होतास म्हणून ती हसत सासरी गेली, आणि तू उभा होतास म्हणून तू गेलास. या दोन्ही गोष्टी एकाच फोटोत आहेत. तो फोटो आता आमच्या बैठकीत लागला आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तुझी ताई त्याच्यापुढं नेऊन उभं करते.

तेरवीला तुमच्याकडची एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मागं दिवा लावाले कोणी नाई. बाईच अशी भेटली." मंदा तिच्यापासून दोन हातांवर पेले वाटत होती. तिनं त्या म्हातारीलाही एक दिला. पेल्यावरचं वाचून हसलेली तिथं मंदा एकटीच. मी ठरवलं, आता बोलायचं. पंगतीतून अर्धा उठलो, घसा खाकरला. नानाकाका म्हणाले, "जवाईबुवा, कढी पाहिजे काय?" सगळी पंगत माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "हो." आणि बसलो.

तोंडानं जमलं नाही म्हणून हे लिहिलं. तू घरी सांगू नका म्हणाला होतास, तो शब्द मी पाळत होतो. पण नंतर खांबापाशी तूच दुसरा शब्द दिलास, आणि मी त्यालाच धरून चाललो आहे. चुकत असेन तर वर आल्यावर भांड. तिथं आपल्याला वेळ असेल आणि नानाकाका, देव त्यांना आयुष्य देवो, उशिरा येतील.

काल दुपारी बाजार ओस पडल्यावर मी हे सगळं तुझ्या ताईला वाचून दाखवलं. ती दुकानातल्या घागरींच्या उतरंडीला टेकून बसली होती. मध्ये एकदाही अडवलं नाही. दुसऱ्या लग्नाची गोष्ट आली तिथं तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली. मी वाचायचा थांबलो तर म्हणाली, "वाचा." पूर्ण झाल्यावर मी कागदांची घडी केली. 

ती म्हणाली, "मांडवात ते रडणं नवतं?"

"नाही."

"अन् मी तो फोटो गावभर दाखवला."

ती उठली. पदरानं तोंड पुसलं, माझ्या हातातून कागद घेतले आणि आपल्या पिशवीत ठेवले. चपला घालता घालता म्हणाली, "रोहण्याची बस किती वाजता हाये? मंदाले हे मी वाचून दाखवीन. तुम्ही चला सोबत. पण मी वाचीन तवा तुम्ही अन् नानाकाका बाहेर थांबजा."